मावशीवर गेली

—बस, बस, आता बोलू नको! पॅक लागला तोंडाले, आता सुकेपर्यंत तू मुकी. हसूबी नको बाप्पा, हसलं का तो तडकते, मंग वावराच्या भेगा दिसतात तोंडावर. हसायचं काम आज माह्याकडे. सकाळपासून हसूच थांबून नाई राह्यलं वं, मयुरी—मयुरीच म्हटलं ना नाव तू? हां, मान नको हलवू, हात वर केला तरी समजते मले. तं मयुरी, तुह्या आधी एक बाई बसली होती या खुर्चीत, तिच्या केसाले मेंदी लावता लावता मी अशी खदखदून हसली का मेंदी गेली तिच्या कानात. म्हणे, दीदी, आज काय होळीची राह्यलेली भांग पेली का? म्हटलं, नाई वं, घरगुती गोष्ट हाय, सांगण्यासारखी नाई. आन् तुले सांगून राह्यली, पाह्य! काऊन का तू बोलू शकत नाई. मुक्या माणसाजवळ लय मोकळं बोलता येते.

तू मघा हनुवटीखालचं कातडं चिमटीत धरलं आन् मले काय विचारलं? 'दीदी, इथं जरा जास्त हाय ना?' बरोबर? आता हे वाक्य ना, या आपल्या वऱ्हाडातल्या जळगावात पार्लरच्या दारात पाय टाकला का जो तो बोलते. मारवाड्यायची सून येते, ती कमरेवर हात ठेवते—इथं जरा जास्त हाय ना? पाटलायची लेक येते, तिच्या मांडीत जास्त. आमच्या बुद्धवाड्यातल्या पोरी येतात, त्यायचा रंगच जास्त. मोहल्ल्यातली एक पोरगी येते, बुरखा खुंटीले टांगते आन् दंड दाखवते—दीदी, इधर थोडा ज्यादा है ना? म्हटलं, अवं बाई, बुरख्यात कोण पाह्यते तुह्या दंडाले? म्हणते, मैं देखती ना! घ्या, आता काय बोलता! आन् वरून डोंगरातून बाजाराले येतात त्या कोरकू पोट्ट्या—त्यायच्या आज्यायनं कपाळावर, हातावर गोंदून घेतलं आन् राण्यायवानी फिरल्या जिंदगीभर, आरशाले कधी इचारलं नाई—आता त्याबी मोबाईल काढतात, कोण्या नटीचा फोटो दाखवतात, म्हणतात असं करून द्या. म्हणजे पाह्य, जात अलग, देव अलग, सैपाक अलग, आन् खुर्चीत बसलं का वाक्य एकच. जे कोणाले जमलं नाई ते या खुर्चीनं केलं—सारे एक! हसू नको म्हटलं ना, गालावर रेघ पडली पाह्य. थांब, बोटानं लावून देते.

पण खरं सांगू का, सारे एक फक्त खुर्चीतच. दुखणं लागलं का मंग एक नाई राहत कोणी. मले काय मालूम होतं हे? मले तं त्या दुखण्याचं नावबी नव्हतं मालूम. माह्या भाचीमुळं समजलं. तिचं नाव मी सांगणार नाई, गावात लोकं कायचं काय करतात—पण धम्मशीला जर आज—हात् तुह्या! गेलं तोंडातून. बरं, गेलं तं गेलं. धम्मशीला. माह्या मोठ्या बहिणीची पोरगी. माह्यी बहीण सिंधूताई, तिकडे खाली दुसरबीडले असते, रोडवर चहाची टपरी हाय तिची. धम्मशीला बुलडाण्याले नर्सिंगले हाय. अन् पोरगी कशी? दणकट! शाळेत कबड्डी खेळे तं समोरच्या पोरी रेघेच्या मांगंच उभ्या राहत. खांदे असे, रंग सावळा, चाल अशी का जमिनीनं बाजूले व्हावं. माह्यासारखी. हाव, डिट्टो माह्यासारखी. ती जन्मली तवा दाईनं तिले उचललं आन् म्हणे, सिंधू, तुही पोरगी तं मावशीवर गेली! तवापासून साऱ्या गोताचं तेच—मावशीवर गेली, मावशीवर गेली. मले बापा लय अभिमान. मले स्वतःचं लेकरू नाई ना. मी म्हणू, चला, कोणी तरी गेलं आपल्यावर.

खायची लय शौकीन. ताईच्या टपरीवरची भजी तळून होयाच्या आधीच संपत. मंग कॉलेजात गेली आन् काय झालं देव—देव नाई म्हणत आमी, पण काय झालं कोणाले मालूम! दिवाळीत घरी आली तं ताटभर जेवे आन् जेवली का मोरीत जाऊन बसे. ताईले वाटलं पोट बिघडलं. गाल असे सुजलेले, मी म्हटलं गालगुंड असन, म्हटलं चुना लाव. घ्या, मी चुना सांगितला! अन् गेल्या वर्षीच्या भीमजयंतीले—पांढरी साडी, निळे काठ, केसात गजरा, मिरवणुकीत पोरी नाचून राह्यल्या, मीबी नाचून राह्यली, मी नाचली का डीजेवाला खुश होते, म्हणते दीपमालादीदी आली, आता रोड हालते—आन् धम्मशीला नाचता नाचता अशी बसली खाली, जशी कोणी दोरी कापली. पाणी मारलं, कांदा हुंगवला, उचलून दवाखान्यात नेली.

तिथले डॉक्टर म्हणे, ऊन लागलं. एप्रिलचं ऊन, पटलंबी. पण ताई माय हाय ना. तिनं भीतभीत म्हटलं, साहेब, पोरगी जेवल्यावर मोरीत लय वेळ बसते, आवाज येते, मले वाटते ओकते. त्यायनं धम्मशीलाकडे खालून वर पाह्यलं आन् हसले. म्हणे, 'अहो बाई, ही तर पैलवान आहे! ते खाऊन ओकायचे आजार मोठ्या शहरातल्या, पैसेवाल्या घरच्या पोरींचे. त्या हाडाच्या काड्या असतात. तुमच्याकडे कुठून येणार तसलं? जंतांची गोळी देतो.' झालं. आमी गोळी घेऊन घरी. अन् खरं सांगू, आमाले आनंद झाला! काहीच नाई निघालं म्हून आनंद. ताईनं तं टपरीवर साऱ्यायले फुकट चहा पाजला.

आता दुसरीकडे पाह्य. धम्मशीलासोबत रूमवर एक पोरगी राहते, सुचिता. जानेफळची. बाप पंजाबराव, मोठा कास्तकार, घरी ट्रॅक्टर, जीपगाडी. ती पोरगी गोरी, आधीच नाजूक, आन् खाणं सोडलं तिनं. बारीक झाली तसे घरचे पहिले खुश! आई म्हणे आता स्थळं पटापट येतीन. मंग डोकं विंचरताना केस पुंजक्यानं हातात येऊन राह्यले, जिना चढताना धाप लागून राह्यली, तवा घाबरले. अन् घाबरले तं पंजाबराव भाऊनं काय केलं? त्याच सकाळी गाडी काढली, साळ्याची ओळख लावली, आन् थेट अकोल्याले, मनाच्या डॉक्टरीण मॅडमकडे. कोणी म्हटलं नाई का तुमच्याकडे कुठून येणार हे. दोघी एका रूमवर, एका बादलीत कपडे धुवत, एकच दुखणं—एकीले गाडी, एकीले जंताची गोळी. मी काही रडून नाई राह्यली हं, मी फक्त सांगून राह्यली. हा कुलरचा वारा जाते डोळ्यात.

पण त्या सुचिताले मी मानली! एवढीशी काडी, उभं राह्याले जोर नाई, आन् मॅडमले म्हणते, 'मॅडम, रूमवर आमी दोघी आहोत. माह्यं साऱ्यायले दिसते. तिचं कोणाले दिसत नाई, कारण ती बारीक नाई. ती खाते आन् काढून टाकते, मंग रडते, मंग अभ्यास करते.' अन् मंग तिनं मले फोन केला. इथं, पार्लरात. मी एका नवरीले हळद काढून देत होती. सुचिता म्हणे, 'मावशी, धम्मशीलाले घेऊन या अकोल्याले, तिले बरं नाई.' मी काय केलं? मी हसली! म्हटलं, अवं, ती माह्यी भाची हाय, तिले काय होते, लोखंड हाय लोखंड. मंग म्हणे, 'मावशी, तुमी एकदा तिच्यासंगं जेवायले या फक्त.' अन् ठेवला फोन.

गेली. रोडगे केले, वांग्याची भाजी केली झणझणीत, डबा घेतला, एस्टीत बसली, डबा मांडीवर, साऱ्या एस्टीले वास! कंडक्टर म्हणे, ताई, तिकीट राहू द्या, झाकण उघडा. बुलडाण्याले पोहोचली तं घरमालकीण कोकिळाबाई दारातच. म्हणे, तुमच्या भाचीले सांगा, जेवण झालं का नळ सोडून बसते, टाकी खाली होते माही. पाण्याची एवढी तंगी, आन् ही पाणी वाहवते. मी म्हटलं सांगते. वरती गेली. धम्मशीलानं मिठी मारली, डबा पाहून नाचली, खाल्लं—पोट भरून खाल्लं, मावशी तुह्या हाताले काय चव हाय म्हणे—सुचिता कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. मंग धम्मशीला उठली. आलीच म्हणे. दार लागलं. नळ सुटला. मी डबा आवरून राह्यली होती. हातातलं झाकण हातातच राह्यलं. नळ चालूच... चालूच... अन् नळाच्या आवाजाखाली तो दुसरा आवाज.

भेव वाटलं का मले मस्करी सुचते. सवय हाय. ती बाहेर आली, डोळे लाल, मी म्हटलं, 'काय वं, माह्यी भाजी एवढी वाईट झाली का? अवं, माह्याकडे पाह्य, मी एवढी म्हैस, मी कधी ओकली का?' नेहमी हसते ती या बोलण्यावर. नाई हसली. टॉवेल घेऊन तशीच उभी. म्हणे, 'मावशी, तू स्वतःले म्हैस म्हणते. जो येईन त्याच्याजवळ म्हणते. लोकं हसतात, तूबी हसते. अन् मी पाळण्यात होती तवापासून सारे मले काय म्हणतात? मावशीवर गेली. खांदे मावशीचे, दंड मावशीचे, चाल मावशीची. मंग तू जर म्हैस, तं मी कोण वं? सांग ना. तुह्या तोंडानं सांग.'

...

थांब, कुलरात पाणी टाकते. खडखड करून राह्यला.

हां. कुठं होती मी? हां—अकोला! नाई, त्याच्या आधी ताई. ताईले सांगायचं म्हणजे वाघाच्या तोंडात हात. अन् ती चिडली नाई, ते जास्त वाईट. चहाची किटली खाली ठेवली आन् म्हणे, 'दीपमाला, बहात्तरच्या दुष्काळात आपली माय सुकडी खाऊन खडी फोडाले गेली. लोकायच्या वावरात राबली तवा भाकर वरून पदरात टाकत. ती भाकर मिळावी म्हून आपल्या सात पिढ्या रडल्या. अन् माही पोरगी मिळालेली भाकर ओकून टाकते? हे मी कोणाले सांगू? आपल्यात असं नसते.' म्हणजे ऐक, डॉक्टरबी म्हणे तुमच्यात नसते, आन् आमीबी म्हणे आपल्यात नसते. अन् तिकडे जानेफळले पुष्पाबाई, सुचिताची आई, तीबी तेच रडत होती—आपल्या खानदानात असं नाई. मंग हाय कोणात हे? सारेच म्हणतात आपल्यात नाई, आन् पोरी तं एक उपाशी, एक ओकून राह्यली!

पंजाबराव भाऊनंच मोडलं ते. पागोटं घालून आले ताईच्या टपरीवर, चहा मांगितला, बशीत ओतला, पेले, आन् म्हणे, 'सिंधूताई, मी दर पंधरवाड्याले पोरीले घेऊन अकोल्याले जातो. गाडीत जागा हाय. तुमच्या पोरीनं माह्या पोरीले रात्री उठून पाणी पाजलं हाय. तुमी नाई म्हटलं तरी मी तिले रूमवरून उचलून नेणार.' बस. एवढंच. ताई म्हणे, मले दुकान हाय. ते म्हणे, दुकान बंद ठेवा. अन् ताईनं पाटी फिरवली.

मंग आमची वरात सुरू! गाडीत पुढे पंजाबराव भाऊ, बाजूले पुष्पाबाई, मांगं आमी दोघी बहिणी आन् मधात दोन पोरी दबलेल्या. मॅडम लय चांगल्या, बोलणं कमी. मी त्यायले विचारलंच, म्हटलं मॅडम, हे मोठ्या लोकायचं दुखणं आमच्या घरात कसं आलं? त्या म्हणे, 'दीपमालाताई, माझ्याकडे सगळ्या घरच्या मुली येतात. फरक एवढाच, काहींना लवकर आणतात आणि काहींना कोणी आणतच नाही.' अन् मंग त्यायनं आमाले, मोठ्यायले, काम दिलं. म्हणे, आठवड्यातून एकदा तरी पोरींसोबत एकत्र जेवायचं. आणि ताटावर असताना तीन गोष्टींबद्दल बोलायचं नाही—खाण्याबद्दल, अंगाबद्दल, आणि कोण किती खातंय त्याबद्दल. खा म्हणायचं नाही, बास म्हणायचं नाही, बघायचं पण नाही.

आता मले सांग, वऱ्हाडातल्या माणसानं ताटावर बसून खाण्याबद्दल बोलायचं नाई तं बोलायचं काय? हसू नको, हसू नको! मले तं हसू दे! आमी येताना ढाब्यावर बसलो. सहा जण. भाकर आली, शेवभाजी आली, ठेचा आला. अन् सारे गप! असे गप का जसं कोणी वारलं. ताईच्या ओठावर 'खाय वं माय' आलेलं मले दिसून राह्यलं, तिनं पदर कोंबला तोंडात. पंजाबराव भाऊले गप बसणं जमतच नाई. ते म्हणे, 'यंदा तूर—' आन् थबकले. तूर म्हणजे वरण, वरण म्हणजे खाणं! मंग म्हणे, 'सोयाबीन—' पुन्हा थबकले, सोयाबीनचं तेल होते. पुष्पाबाई डोळे वटारून राह्यल्या. मंग घाम पुसत म्हणे, 'कपाशी! कपाशी खात नाईत ना? हां, कपाशी बरी हाय यंदा.' अन् पुन्हा गप. मंग बऱ्याच वेळानं आमची ताई वर पाहून म्हणे, 'पंख्याचं एक पातं वाकडं हाय.' बस! सारे वर! आमी चौघं मोठे माणसं माना वर करून पंख्याकडे असे पाहून राह्यलो, असे पाहून राह्यलो का ढाबेवाला पळत आला, म्हणे, काय झालं, पडून राह्यला का पंखा? सुचिता आधी फुटली. खिक्कन. मंग धम्मशीला. दोघी अशा हसल्या, अशा हसल्या, एकमेकीच्या अंगावर पडून हसल्या. अन् हसता हसता सुचितानं भाकरीचा तुकडा मोडला, आमी पंख्याकडे. धम्मशीलानं दुसरी भाकर घेतली, आमी पंख्याकडे. पंजाबराव भाऊच्या डोळ्यातून पाणी गळून राह्यलं पागोट्याच्या शेवावर, आन् म्हणून राह्यले, खरंच, लय वाकडं हाय हो ते पातं.

माय वं, माह्यं पोट दुखते आठवलं का!

अन् तेवढ्यात ती पोट्टी मले म्हणे, 'मावशी, तुह्यं ताट कुठं हाय?'

मी म्हटलं, मी घरून खाऊन आली. ती म्हणे, 'सकाळी सहाले निघालो आपण.' मी म्हटलं, ॲसिडिटी हाय. म्हणे, 'मावशी, मी कधीच तुले जेवताना पाह्यलं नाई. तू वाढते, तू करून आणते, तू डबे भरते. लग्नात तू वाढाले उभी राहते, मिरवणुकीच्या जेवणात तू शेवटी गायब. मी लहानपणापासून आठवून पाह्यलं. एकदाबी नाई.' मी लगेच म्हणणार होती—अवं, म्हशी रातच्याले रवंथ करतात—जिभेवर आलं होतं. पण मॅडमनं सांगितलं होतं ना, अंगाबद्दल नाई बोलायचं. तं काय बोलू? मीबी पाह्यलं पंख्याकडे. कोणी नाई हसलं तवा.

आता तू म्हणशीन, बरी झाली का पोरगी. झाली... नाई, पूर्ण नाई. होऊन राह्यली. मॅडम म्हणतात घसरते, पुन्हा चढते, घाबरायचं नाई. परीक्षेच्या टायमाले पुन्हा झालं, तिनं स्वतः फोन करून सांगितलं, 'मावशी, आज झालं.' पहिले लपवे, आता सांगते. सुचिताचे केस परत येऊन राह्यले, बारीक बारीक, पिल्लाच्या पिसावानी, मी तेल करून देलं. अन् दोघी आल्या होत्या इथं, सुट्टी होती, दोन दिवस राह्यल्या, साऱ्या घरात पसारा, माह्या साऱ्या लिपस्टिक लावून पाह्यल्या. आज सकाळी त्यायले सोडाले स्टँडवर गेली. अन् तिथं झालं ते! ज्याच्यामुळं मी सकाळपासून बयाडासारखी हसून राह्यली ते!

एस्टीले वेळ होता. स्टँडच्या दारात तो गाडा हाय ना, आलूबोंड्याचा, तिथं दोघी गेल्या. म्हटलं चला, खातात तं खाऊ दे, आपण वर पाहावं—पण तिथं कुठं पंखा! आभाळाकडे पाहत उभी राह्यली. अन् धम्मशीला माह्यासमोर आली. हातात कागद, कागदावर गरम आलूबोंडा, वर तळलेली मिरची. म्हणे, 'हा तुह्यावाला.' म्हटलं नको वं. म्हणे, 'मावशी, मी मॅडमपुढे दर वेळी खाते. मले किती भेव वाटते तुले मालूम हाय. तू माह्यापुढे एकदा खाय. इथंच. उभ्यानं. साऱ्या जळगावासमोर.' मी म्हटलं, लोकं पाह्यतीन. म्हणे, 'पाहू दे. मले लोकायनं मावशीवर गेली म्हटलं तं मले चांगलं वाटलं पाह्यजे ना?' सुचिता एस्टीची पाटी वाचल्यासारखं करून राह्यली. शाणी पोरगी.

खाल्ला मी. मयुरी, आई शप्पथ, खाल्ला. पहिला घास घेतला. वाटलं आता सारं स्टँड थांबते, ड्रायव्हर खाली उतरतात, सारे माह्या तोंडाकडे पाहतात. दुसरा घास घेतला. मिरची चावली. नाकातून पाणी. मंग मी हळूच पाह्यलं इकडे तिकडे, का कोण कोण पाहून राह्यलं. अन् कोणीच नाई! एक जण नाई! एक बाई पोराचं नाक पुसून राह्यली, एक म्हातारबा चिल्लर मोजून राह्यला, कंडक्टर फोनवर बायकोसंगं भांडून राह्यला. एक बकरी तेवढी पाहे, तं तिले माह्यं तोंड नाई, कागद पाह्यजे होता! एवढी वर्षं मी लपून खाल्लं, चोरावानी खाल्लं, आन् पाह्याले कोणाले टाईमच नाई! मी जे हसू लागली ना—तोंडात बोंडा, आन् हसू—धम्मशीला पाठीत धपाटे घालून राह्यली, सुचिता पाणी आणून राह्यली, गाडेवाला म्हणे, काकू, जास्त तिखट झालं का? अन् मी त्याले म्हटलं, अजून एक दे! दोन खाल्ले! एस्टी गेली तरी मी तिथंच उभी, हात तेलकट, हसून राह्यली.

काय? काय विचारून राह्यली डोळ्यानं? एवढी वर्षं काऊन लपून खाल्लं म्हणते का? काही नाई वं. असंच. सवय. ते—ते माह्यं लग्न झालं ना तुळशीरामसंगं, तवा त्याच्या गावी पंगत बसली. मी नवी नवरी. भूक लागलेली, सकाळपासून पोटात काही नाई. बुंदी वाढली. मी घास उचलला आन् त्याची आत्या, जनकाबाई, साऱ्या पंगतीले ऐकू जाईन असं म्हणे, 'वाढा, वाढा! म्हैस आली दावणीले, पेंड घाला!' सारी पंगत हसली. तुळशीरामबी हसला. मी त्याच्याकडे पाह्यलं, म्हटलं हा तरी नाई हसणार. तो साऱ्यायपेक्षा जास्त हसला. मंग मीबी हसली. सर्वात मोठ्यानं मीच हसली. का समजलं पाह्यजे ना लोकायले का मले काही लागलं नाई. अन् तो घास ठेवून देला खाली. तवापासून म्हैस मीच म्हणते. दुसऱ्यानं म्हणायच्या आधी आपणच म्हटलं का मंग... तो गेला पुण्याले, तिकडेच दुसरं घर केलं त्यानं. तो गेला तरी मी एकटीच्या घरातबी दार लावूनच...

हे मी मॅडमलेबी नाई सांगितलं. धम्मशीलालेबी नाई.

तुले कायले सांगितलं मी हे? पॅक केव्हाचा सुकला तुह्या तोंडावर, आन् मी बोलतच बसली. अन् हे काय, डोळ्यातून कायचं पाणी? झोंबून राह्यला का? नाई? मंग पूस. तिकडे बेसिन हाय, थंड पाणी मार, घासू नको, टॉवेल दाबून घे. उद्या पाहुणे येऊन राह्यले ना तुले पाह्याले? येऊ दे. चांगलं दिसते तुह्यं तोंड. हनुवटीबी. नाई, आता काही इचारू नको, माह्यी जेवायची वेळ झाली, जाय तू. हाव, जाय बापा. अन् दार ओढून घे जाताना—

नाई. राहू दे. उघडंच राहू दे. जाय.